न गोठलेले पाणी

२६ नोव्हेंबर २०२३ रोजी नाशिक जिल्ह्यात अवकाळी पाऊस आला आणि पावसामागोमाग गारांचा मारा सुरू झाला. निफाड तालुक्यातील कित्येक गावांत द्राक्षबागा थोड्याच वेळात झोडपून निघाल्या. वेलींवर कोठे फुलोरा होता, कोठे कोवळे घड धरले होते. गारा थांबल्या तेव्हा पानांची चाळण झाली होती, काड्या मोडल्या होत्या आणि वर्षभराची मेहनत बांधावरच्या चिखलात पडली होती. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्येही महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांनी असाच, किंबहुना याहून मोठा, घाला सोसला होता. अशा वेळी घरातील वडील माणसे बागेकडे पाहत उभी राहतात. मुले मात्र अंगणात धावतात आणि गारा वेचून वाटीत भरतात. त्यात त्यांचा काही दोष नाही. गार ही वस्तूच कुतूहल वाटावी अशी आहे.

एखादी मोठी गार वितळण्यापूर्वी सुरीने मधोमध कापता आली तर आतील रचना पाहावी. लासलगावच्या बाजारातील कांदा आडवा चिरल्यावर जशी एकात एक वलये दिसतात, तशी वलये गारेतही दिसतात. एक वलय दुधासारखे पांढरे, त्यावरचे काचेसारखे पारदर्शक, त्यावर पुन्हा पांढरे. याचा अर्थ असा, की गार एकाएकी तयार झाली नाही. थरावर थर चढत ती वाढली. हे थर चढविणारे पाणी ढगात कोठून येते आणि ते कसे असते, हा प्रश्न केवळ शेतकऱ्याचा नाही. आकाशात उडणाऱ्या विमानांच्या दृष्टीने तो जीवनमरणाचा आहे.

जमिनीपासून जसजसे वर जावे तसतशी हवा थंड होत जाते. सरासरीने पाहता दर किलोमीटरला तापमान सुमारे साडेसहा अंश सेल्सियसने उतरते. म्हणूनच नाशिकच्या रस्त्यांवर उन्हाळा तापू लागला असताही चार-पाच किलोमीटर उंचीवर पाणी गोठण्याइतकी थंडी असते. गारांचा काळा ढग तर याच्याही कितीतरी वर चढलेला असतो. तेव्हा अशा ढगाच्या वरच्या भागात सर्व पाण्याचा बर्फ झालेला असेल, असे कोणासही वाटेल. प्रत्यक्षात तसे नसते.

शून्य अंशाला पाणी गोठते असे आपण शिकतो. ते खरे आहे, परंतु अपुरे आहे. शून्य अंशाखाली गेलेल्या पाण्याला बर्फ होता येते. मात्र त्याने बर्फ झालेच पाहिजे असे नाही. बर्फाचा स्फटिक तयार होण्यास कोठून तरी आरंभ व्हावा लागतो. पाण्यात मातीचा एखादा योग्य कण असेल, आधीच तयार झालेला बर्फाचा एखादा कण त्याला येऊन लागला, किंवा एखाद्या थंड पृष्ठभागावर पाणी आपटले, तर असा आरंभ होतो. ढगातील थेंब अत्यंत लहान असतात. ओळीने पन्नास थेंब मांडले तर जेमतेम एक मिलिमीटर भरेल. इतक्या चिमुकल्या थेंबात असा कण असण्याचा संभव थोडाच. म्हणून उणे दहा, उणे पंधरा अंश तापमानातही ढगातील असंख्य थेंब पाण्याच्याच रूपात तरंगत राहतात. अगदी शुद्ध आणि सूक्ष्म थेंब तर उणे चाळीस अंशांच्या जवळपास जाईपर्यंत न गोठता राहू शकतात. अशा पाण्याला अतिशीत पाणी म्हणतात. डॅनिएल फॅरनहाइट या शास्त्रज्ञाचे नाव ताप मोजण्याच्या नळीमुळे घरोघरी पोहोचले. त्यानेच १७२४ साली, गोठणबिंदूच्या खाली जाऊनही न गोठलेल्या आणि हालवताच गोठलेल्या पाण्याचे वर्णन प्रसिद्ध केले होते.

स्वच्छ पाण्याची बंद बाटली घरातील शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात काही तास न हालवता ठेवली, तर क्वचित हा चमत्कार घरीही पाहता येतो. बाटली बाहेर काढावी तो आत पाणीच दिसते. तिला टिचकी मारताच वरपासून खालपर्यंत पांढरे जाळे धावत जाते आणि पाहता पाहता पाणी घट्ट होते. दहा वेळा करून पाहिले तर आठ वेळा फसेल, परंतु साधले म्हणजे पाहणारा थक्क होतो.

आता गारेकडे वळू. जोराने वर चढणाऱ्या हवेच्या झोताने बर्फाचा एक लहानसा कण ढगात तरंगत ठेवलेला असतो. त्याच्या वाटेत येणारे अतिशीत थेंब त्याच्यावर आदळतात आणि आदळताच गोठू लागतात. थंडी कडक असेल आणि थेंब बारीक असतील तर प्रत्येक थेंब जागच्या जागी गोठतो; थेंबांच्या मधली हवा आत कोंडली जाते आणि थर पांढरा दिसतो. थंडी कमी आणि पाणी पुष्कळ असेल तर थेंब गोठण्यापूर्वी पसरतो; हवा निसटून जाते आणि थर काचेसारखा स्वच्छ होतो. गारेची वलये म्हणजे तिने केलेल्या प्रवासाची नोंदच होय.

गारेचा कण बर्फाचा असतो म्हणून त्याच्यावर पाणी गोठते, असे समजण्याचे कारण नाही. अतिशीत थेंबांच्या गर्दीत शिरलेल्या कोणत्याही थंड वस्तूची हीच गत होते. वस्तू लोखंडाची असो, लाकडाची असो किंवा अ‍ॅल्युमिनियमची असो, थेंब तिच्यावर आदळतो आणि बर्फ होतो. अशा ढगातून ताशी तीन-चारशे किलोमीटर वेगाने जाणारे विमान हे थेंबांच्या दृष्टीने एक मोठी गारच असते.

विमानावर बर्फ साचला तर ते जड होऊन पडत असेल, असा पुष्कळांचा समज असतो. वजन वाढते हे खरे. पण खरा धोका वजनाचा नाही, आकाराचा आहे. विमानाचा पंख वरच्या बाजूने किंचित फुगीर असतो आणि उडताना त्याची पुढची कड थोडी वर उचललेली असते. समोरून येणारी हवा त्याच्या पाठीला चिकटून वाहते आणि मागच्या कडेपाशी खालच्या दिशेने वळते. पंख हवेला खाली ढकलतो आणि हवा पंखाला वर उचलते. ही उचल अखेर हवा पाठीला चिकटून राहण्यावर अवलंबून असते. पूर आलेल्या गोदावरीत पुलाच्या खांबामागे पाणी कसे वागते ते पाहावे. खांबाच्या पुढच्या बाजूला ते त्याला लगटून वाहते. मागे मात्र खांबाला सोडून देते आणि तेथे भोवरे फिरू लागतात. पंखाच्या पाठीवरून हवा अशी सुटली आणि तेथे भोवरे माजले, की उचल एकाएकी नाहीशी होते.

हवा सुटावी यासाठी बर्फाचे ढीग साचावे लागत नाहीत. सुताराकडील खरखरीत पॉलिश कागदाएवढा जाड आणि तेवढाच खडबडीत बर्फाचा थर पंखाच्या पुढच्या कडेवर आणि पाठीवर बसला, तर पंखाची उचल तीस टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि हवेचा अडथळा चाळीस टक्क्यांपर्यंत वाढू शकतो, असे प्रयोगांत दिसून आले आहे. गारेतील दोन प्रकारचे थर येथेही ओळखू येतात. पांढरा खरखरीत बर्फ निदान चटकन दिसतो. काचेसारखा बर्फ रात्रीच्या वेळी वैमानिकाच्या नजरेतून सहज सुटतो. शिवाय वैमानिकाला आपल्या आसनावरून पंखाचा थोडाच भाग दिसत असतो.

यात आणखी एक पेच आहे. विमानाचा वेग कमी झाला तर तेवढीच उचल मिळविण्यासाठी त्याला नाक अधिक वर करावे लागते. नाक जितके वर, तितका हवेला पंखाच्या पाठीवरून वळण्यास त्रास अधिक. स्वच्छ पंखाला जो वेग पुरतो तो बर्फ बसलेल्या पंखाला पुरत नाही. म्हणून बर्फाच्या ढगातून चढताना विमानाने नेहमीपेक्षा अधिक वेग राखला पाहिजे, मग उंची गाठण्यास उशीर झाला तरी चालेल.

१५ ऑक्टोबर १९८७ च्या संध्याकाळी हाच हिशेब चुकला. इटलीतील मिलान शहराच्या लिनाते विमानतळावरून एक प्रवासी विमान जर्मनीतील कोलोन शहराकडे निघाले. विमान ‘एटीआर-४२’ जातीचे, दोन पंख्यांचे होते. फ्रान्स आणि इटली या दोन देशांनी मिळून ही जात बनविली होती आणि प्रवासी वाहतुकीत येऊन तिला जेमतेम दोन वर्षे होत होती. ‘चित्ता दि व्हेरोना’, म्हणजे ‘व्हेरोना नगरी’, असे या विमानाचे नाव होते. आत ३४ प्रवासी आणि ३ कर्मचारी होते. मिलानच्या उत्तरेस लगेच आल्प्स पर्वत सुरू होतो. तो ओलांडून कोलोनला जायचे होते.

त्या संध्याकाळी आल्प्सवर ढग दाटले होते आणि त्या ढगांत अतिशीत पाणी भरलेले होते. विमान त्यातून चढू लागले. पंखांवर बर्फ धरू लागला. अशा स्थितीत जेवढा वेग हवा होता तेवढा विमानाचा नव्हता. बर्फ मात्र प्रत्येक मिनिटाला वाढत होता. सुमारे साडेचार किलोमीटर उंचीवर पंखांनी उचल सोडली. विमान एका कुशीवर कलले, मग दुसऱ्या कुशीवर, आणि नाक खाली करून कोसळू लागले. वैमानिकांना ते सावरता आले नाही. कोमो सरोवराच्या दोन फाट्यांमधील डोंगराळ भागात, कोंका दि क्रेत्सो या ठिकाणी ते डोंगरावर आदळले. उड्डाणापासून अवघा पाव तास लोटला होता. ३७ जणांपैकी एकही वाचला नाही.

हा अपघात डोंगरात व्हावा हा केवळ योगायोग नव्हता. ढगांत पाणी भरण्याचे काम डोंगर स्वतःच करीत असतात. नाशिककरांना याचा दाखला दूर शोधावा लागत नाही. समुद्रावरून येणारे दमट वारे सह्याद्रीच्या भिंतीला अडतात, वर ढकलले जातात, थंड होतात आणि इगतपुरीला वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पाडतात. तेथून घाटमाथा मागे टाकून नाशिक शहरात यावे, तर पाऊस याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही नसतो. आल्प्सची दक्षिण बाजू ही तशीच एक भिंत आहे, फक्त पुष्कळ उंच. भूमध्य समुद्राकडील दमट हवा तिच्यावर चढते आणि गोठणबिंदूच्या पलीकडे गेलेल्या ढगांत पाणी ओतीत राहते. दुसरी गोष्ट अशी, की पंखांवर बर्फ धरला तर वैमानिकापुढे एक साधा उपाय असतो : खाली उतरून उबदार हवेत जावे, म्हणजे बर्फ वितळतो. सपाट मुलखावर हा उपाय चालतो. खाली डोंगर उभे असले तर मोकळी जागाच अपुरी पडते.

मग आपल्या सह्याद्रीत असे का घडत नाही? त्याचे उत्तर उंचीत आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १६४६ मीटर. बागलाणातील साल्हेर १५६७ मीटर. पावसाळ्यात आपल्याकडे हवा शून्य अंशाला पोहोचते ती सुमारे पाच किलोमीटर उंचीवर. अर्थात सह्याद्रीच्या माथ्यांना वेढणारे ढग ओले असतात, दाट असतात, पण गोठविणारे नसतात. त्यांचा धोका निराळा आहे. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्री सिडनीहून रोमला जाणारे अलीतालिया कंपनीचे एक मोठे जेट विमान मुंबईत उतरण्याच्या तयारीत असताना जुन्नरच्या बाजूच्या डोंगरावर आदळले आणि आतील ९४ जण मृत्युमुखी पडले. बर्फाचा तेथे काही संबंध नव्हता. आपण मुंबईच्या अधिक जवळ आलो आहोत असे वैमानिकाला वाटले आणि वेळेआधीच त्याने विमान खाली आणले, असे चौकशीत ठरले. ढगाने तेथे एवढेच केले, की डोंगर दिसू दिला नाही.

तथापि महाराष्ट्राच्या आकाशात अतिशीत पाणी नसतेच असे मात्र नाही. ते नसते तर निफाडला गारा पडल्या नसत्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २००९ पासून उपकरणांनी सज्ज विमाने मुद्दाम ढगांत पाठवून थेंबांची मोजमापे केली, तेव्हा आपल्या ढगांतही गोठणबिंदूच्या खाली द्रवरूप पाणी आढळले. २०१५ साली मराठवाड्यातील दुष्काळात औरंगाबादहून विमाने उडवून कृत्रिम पावसाचा प्रयोग झाला होता. थंड ढगांत चांदीच्या एका क्षाराचे बारीक कण सोडण्याची जी रीत आहे तिचा आधारही हेच पाणी : त्या कणांवर त्याला गोठण्यास आरंभ मिळतो. विमानाचे वैमानिक ज्या पाण्याला टाळून जाऊ पाहतात, त्याच पाण्याच्या शोधात पाऊस पाडणारे विमान हिंडत असते.

मोठी जेट विमाने या संकटातून बरीचशी सुटतात. ती ढगांचा पट्टा झपाट्याने ओलांडून दहा-अकरा किलोमीटर उंचीवर जातात. तेथील ढगांत बहुतेक बर्फाचे कोरडे स्फटिकच असतात आणि ते पंखाला चिकटत नाहीत. शिवाय इंजिनातील तापलेली हवा नळ्यांतून पंखाच्या पुढच्या कडेत फिरविता येते. पंख्यांची विमाने तुलनेने सावकाश चढतात, पाच ते सात किलोमीटर उंचीवर उडतात आणि त्यामुळे ढगांत अधिक काळ राहतात. त्यांच्या इंजिनांत वाया घालविण्याजोगी गरम हवाही फारशी नसते. त्यांच्यासाठी निराळी युक्ती योजलेली आहे. पंखाच्या पुढच्या कडेवर काळ्या रबराचा एक पट्टा बसवितात. बर्फाचा थर जमला, की पट्ट्यात हवा भरतात. रबर फुगते, वरचा बर्फ तडकतो आणि समोरून येणारा वारा त्याचे तुकडे उडवून नेतो. मग हवा काढून घेतात आणि पट्टा पुन्हा सपाट होतो. फोडणीच्या लोखंडी पळीला चिकटलेला थर पळी आपटून पाडावा तशी ही साधी युक्ती आहे, आणि बहुतेक वेळा ती चांगली चालते.

पट्टा किती रुंद असावा? हा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण पुढे घडलेली सर्व हकीकत याच प्रश्नाभोवती फिरते. विमानासमोरची हवा दुभंगून पंखाच्या वरून व खालून निघून जाते. बारीक थेंब हलके असल्यामुळे तेही हवेबरोबर वळतात. पंखावर आदळतात ते अगदी पुढच्या कडेवर. म्हणून पट्टाही पुढच्या कडेपुरताच ठेवलेला होता. कोणत्या आकाराच्या थेंबांतून विमान सुखरूप गेले पाहिजे याचे नियम १९४० च्या दशकातील मोजमापांवर बेतलेले होते आणि त्यांत सुमारे ०.०५ मिलिमीटरपर्यंतचे थेंब धरले होते. परंतु ढगांत कधी कधी याच्या कितीतरी पट मोठे थेंबही न गोठता राहतात. मोठा थेंब जड असतो; त्याला हवेबरोबर वळणे साधत नाही. तो पंखाच्या पाठीवर, पट्ट्याच्या मागे जाऊन आदळतो.

आदळल्यावरही तो सगळा एकदम गोठत नाही. पाणी गोठताना त्यातून उष्णता बाहेर पडते : एक ग्रॅम पाण्यामागे सुमारे ८० कॅलरी. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास एक कॅलरी पुरते. आता उणे दहा अंशांचा थेंब घेतला, तर त्याचा आठवा भाग गोठताच जी उष्णता निघते तेवढ्याने उरलेले पाणी शून्य अंशावर येऊन थांबते. बाकीचे सात भाग वाऱ्याच्या रेट्याने पंखावरून मागे वाहतात आणि थंडी लागत लागत हळूहळू गोठतात. त्यामुळे रबरी पट्टा पुढे आपले काम चोख करीत असताना त्याच्या मागे बर्फाचा एक बांध तयार होतो. तो फोडण्यास तेथे काहीच नसते.

क्रेत्सोच्या अपघातानंतर सात वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी, अमेरिकेत नेमके हेच घडले. इंडियानापोलिसहून शिकागोला निघालेले ‘एटीआर-७२’, म्हणजे त्याच जातीतले लांबीने मोठे विमान, उतरण्यास जागा मिळेपर्यंत सुमारे तीन किलोमीटर उंचीवर ढगात घिरट्या घालीत होते. शिकागोच्या विमानतळावर गर्दी होती. वाट पाहणे ही नित्याची गोष्ट होती. परंतु त्या ढगात मोठे अतिशीत थेंब होते. विमान पुनःपुन्हा त्याच पाण्यातून फिरत राहिले आणि पट्ट्यांच्या मागे बर्फाचा बांध उभा राहिला. विमान स्वयंचालक यंत्रणेच्या स्वाधीन असल्याने पंखाचे बदलत चाललेले वागणे वैमानिकांच्या हाताला जाणवले नाही. खाली येण्याची आज्ञा मिळाली, विमान उतरू लागले आणि एकाएकी पंखाच्या मागच्या कडेची कललेली झडप हवेनेच ओढून घेतली. स्वयंचालक सुटला, विमान उलटले आणि रोझलॉन गावाजवळील सोयाबीनच्या शेतात कोसळले. ६८ जण गेले. येथे डोंगर नव्हता. सपाट शेते होती. तरीही सावरण्यास वेळ मिळाला नाही.

या अपघाताची चौकशी फार बारकाईने झाली. मोठ्या वायुबोगद्यांतून आणि प्रत्यक्ष उड्डाणांतून प्रयोग करण्यात आले. एका विमानापुढे पाण्याचा फवारा सोडणारे दुसरे विमान उडवून पंखावर बर्फ कोठे व कसा धरतो हे पाहण्यात आले. पूर्वीच्या घटना तपासताना क्रेत्सोचे नावही पुन्हा पुढे आले. धोक्याच्या खुणा आधी दिसल्या असताना त्या पुरेशा गांभीर्याने घेतल्या गेल्या होत्या काय, यावर अमेरिकन आणि फ्रेंच तपासणाऱ्यांत तीव्र मतभेद झाले. दोष कोणाच्या पदरात किती घालावा यावर ते एकमत होऊ शकले नाहीत. ३७ आणि ६८ माणसांच्या घरच्यांना या वादाचा उपयोग काय असणार, हा प्रश्न मात्र वाचणाऱ्याच्या मनात राहतो. एक गोष्ट नक्की झाली. रबरी पट्टे अधिक रुंद करण्यात आले. पंखाच्या पाठीवर ते पूर्वीपेक्षा जवळजवळ दुप्पट अंतर मागे नेण्यात आले. तीव्र बर्फ धरू लागल्याच्या खुणा कोणत्या, त्या दिसताच स्वयंचालक बंद करून तो भाग तात्काळ कसा सोडावा, हे वैमानिकांना शिकविले जाऊ लागले. बाजूच्या खिडकीच्या काचेवर बर्फ पसरणे ही त्यांपैकी एक खूण. मोठ्या थेंबांचा विचार करणारे नवे नियम मात्र अमेरिकेत प्रसिद्ध झाले ते २०१४ साली, म्हणजे रोझलॉननंतर वीस वर्षांनी.

पट्टे रुंद झाले म्हणून ढगातील पाणी बदलले असे नाही. ९ ऑगस्ट २०२४ रोजी ब्राझीलमधील व्हिन्येदो या गावात एक ‘एटीआर-७२’ विमान भोवऱ्यासारखे फिरत खाली आले आणि ६२ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी त्या मार्गावर तीव्र बर्फाचा इशारा देण्यात आला होता. पुष्कळ बर्फ असल्याचे सहवैमानिकाने कोसळण्यापूर्वी म्हटलेले ध्वनिमुद्रणात सापडले.

निफाडच्या शेतकऱ्यांनी अलीकडे काही बागांवर गारा अडविण्यासाठी जाळ्या अंथरण्यास सुरुवात केली आहे. खर्च मोठा आहे, म्हणून सर्वांना ते जमत नाही. विमानाला जाळी पांघरता येत नाही. ओझरच्या विमानतळावर दोन पंख्यांचे एखादे प्रवासी विमान उभे असलेले कधी दिसले, तर त्याच्या पंखाची पुढची कड नीट पाहावी. पांढऱ्या पंखाच्या कडेवर काळ्या रबराचा पट्टा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेला दिसेल, आणि तसाच पट्टा शेपटाच्या आडव्या पंखावरही असेल. जमिनीवर तो अगदी सपाट, चिकटवून ठेवल्यासारखा असतो. तो फुगतो ते वर, ढगात गेल्यावर.